दुखायचं थांबलं, पण जखम भरली का?

*"ताई, मी 36 वर्षांची, एसटीत वाहक आहे. पाच महिने झाले, संडासला बसलं की आत चिरतं आणि नंतर दोन-तीन तास आग होत राहते. कागदावर लाल रक्त दिसतं. पहाटेची ड्युटी असली की कळ आली तरी दाबून धरते, पाणीही बेतानेच पिते. हल्ली रात्री जेवत नाही, म्हणजे सकाळी जायलाच लागू नये. डॉक्टरांनी तपासून जुनं फिशर आहे, बाहेर कोंब आलाय असं सांगितलं आणि डिल्टियाझेमचं जेल दिलं. पंधरा दिवसांत बरं वाटलं म्हणून सोडलं, महिनाभरात पुन्हा तेच. आता ऑपरेशन करून घ्या म्हणतात. माझी दोन बाळंतपणं झाली, दोन्ही नॉर्मल. रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या चालू आहेत. सासूबाई म्हणतात ही मूळव्याधच, स्टँडसमोरचा एक जण हमखास बरी करतो. नवऱ्याला अजून नीट सांगितलेलं नाही. ऑपरेशनशिवाय हे बरं होईल का?"*

होऊ शकतं. पण पंधरा दिवसांत नाही, आणि नुसत्या जेलनेही नाही. दोन महिने नेटाने उपचार केले तर निम्म्याहून अधिक जणांची चीर, म्हणजेच फिशर, भरते. तुम्ही तो उपचार अजून एकदाही पुरा केलेला नाही, म्हणून आधी तो पुरा करू या. ऑपरेशनचा विचार त्यानंतर.

आत काय चाललंय ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं पटेल. गुदद्वाराच्या कातडीला चीर पडते, बहुतेकदा मागच्या बाजूला मधोमध. तिच्याखाली एक गोल स्नायू असतो, तो आपल्या इच्छेने सैल सोडता येत नाही. चिरेला खडा घासला की हा स्नायू आवळतो आणि तासन्‌तास आवळलेलाच राहतो. तुमची ती दोन-तीन तासांची आग यातूनच येते. आवळलेल्या स्नायूमुळे चिरेला रक्तपुरवठा कमी होतो, मुळात त्या जागी तो कमीच असतो, म्हणून जखम भरत नाही. सहा-आठ आठवड्यांत भरली नाही की तिच्या कडा जाड होतात आणि बाहेरच्या टोकाला कातडीचा कोंब येतो. हा कोंब मूळव्याधीचा नाही. फिशर भरल्यावरही तो राहू शकतो, त्याने अपाय होत नाही. स्टँडसमोरच्या माणसाला तो बांधू, जाळू किंवा त्यात सुई टोचू देऊ नका. तिथे भलतंच औषध टोचलं तर जखम चिघळते आणि मार्ग कायमचा अरुंद होऊ शकतो.

आता तुमच्या पत्रातली मला सर्वांत जास्त काळजी वाटलेली गोष्ट, रात्रीचं जेवण बंद करणं. दुखेल या भीतीने तुम्ही कमी खाता, कळ दाबता, पाणी तोडता. आतड्यात थांबलेल्या मळातलं पाणी शोषलं जातं, दोन दिवसांनी तो कडक खडा होऊन येतो आणि तीच चीर पुन्हा उघडतो. हे चक्र तुटल्याशिवाय कुठलंही जेल पुरं पडणार नाही. आजपासून रात्री जेवा.

शौच रोज व्हावी आणि पिकलेल्या केळ्यासारखी व्हावी, आकार असलेली पण मऊ. पातळही नको. जुलाबाने चीर तितकीच चिडते, म्हणून एरंडेल किंवा सोनामुखीची चूर्णं रोज घेऊ नका. दिवसाला 25 ते 30 ग्रॅम तंतू पोटात जायला हवेत. ज्वारीच्या एका मध्यम भाकरीतून साधारण सहा ग्रॅम मिळतात, एका पेरूतूनही जवळपास तेवढेच किंवा थोडे जास्त. भात आणि मैद्यातून फारसं काही मिळत नाही. दोन वेळा भाकरी, एक वाटी मोड आलेली मटकी किंवा हरभऱ्याची उसळ, एक पालेभाजी आणि एक फळ इतकं झालं की बराचसा हिशेब जुळतो. डब्यात पेरू किंवा पपई ठेवा, चालत्या गाडीतही खाता येते. उपवासाला साबुदाण्याची खिचडी टाळा, त्यात तंतू जवळजवळ नसतातच. रताळं, राजगिरा, फळं खा. लाल तिखट काही दिवस हात राखून घाला. त्याने चीर पडत नाही, पण नागपूरला फिशरच्या रुग्णांवर झालेल्या एका छोट्या अभ्यासात तिखटाने दुखणं आणि आग वाढलेली आढळली होती.

उरलेली कमतरता इसबगोल भरून काढतो, आणि इथे हमखास चूक होते. भुसी दोन घोट पाण्यात कालवून घेतली तर ती आतलंच पाणी ओढून घेते आणि मळ उलट घट्ट होतो. रात्री जेवणानंतर एक चहाचा चमचा भुसी भरलेल्या पेल्यात, म्हणजे 250 मिलिलिटर पाण्यात ढवळा, फुगायच्या आत पिऊन टाका आणि वर आणखी अर्धा पेला पाणी घ्या. घेतल्यावर लगेच आडवं पडू नका. चार-पाच दिवसांनी दोन चमचे करा. एकदम वाढवलं तर पोट फुगतं, गॅस होतो आणि माणूस इसबगोलच सोडून देतो. दिवसभरात दोन ते अडीच लिटर पाणी हवं. ड्युटीवर पिता येत नसेल तर निघण्याआधी दोन पेले आणि परत आल्यावर उरलेलं, पण एकूण भरलं पाहिजे. आठवड्याभरात शौच मऊ झाली नाही तर डॉक्टरांना विचारून रात्री लॅक्ट्युलोज 15 ते 30 मिलिलिटर किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉलची 17 ग्रॅमची पुडी घ्या. या दोन्ही औषधांनी मळात पाणी टिकून राहतं, आतडं खवळत नाही.

लोहाच्या गोळ्या हे तुमच्या बद्धकोष्ठतेचं एक मोठं कारण असू शकतं. त्या स्वतःहून बंद करू नका, रक्त कमी असणं परवडणारं नाही. एक दिवसाआड घेतल्या तर चालतील का, किंवा वेगळ्या प्रकारचं लोह देता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. गोळी आणि इसबगोल यांच्यात निदान दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर लोह नीट अंगी लागत नाही. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालेल. ट्रामाडॉल किंवा कोडीन असलेल्या गोळ्या नकोत, त्यांनी मळ आणखी घट्ट होतो.

पहाटेच्या ड्युटीच्या दिवशी पाऊण तास लवकर उठा. कोमट पाणी, चहा आणि बरोबर काहीतरी खायला, अर्धी भाकरी किंवा केळं. पोटात अन्न गेलं की आतडं आपोआप हलायला लागतं, वीस-तीस मिनिटांत कळ येते. आली की लगेच जा. नाही आली तर कुंथत बसू नका. पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ नको, मोबाइल बाहेर ठेवा. कमोड असेल तर पायाखाली वीतभर उंचीचा पाट घ्या, गुडघे कमरेच्या वर आले की मार्ग सरळ होतो. भारतीय पद्धतीच्या संडासात ही सोय आपसूकच असते.

शौचानंतर शेक घ्यायचा. मेडिकलमध्ये कमोडवर बसणारा सिट्झ बाथचा टब मिळतो, नाहीतर रुंद प्लास्टिकचं घमेलं चालतं, फक्त ते या कामापुरतंच ठेवा. अंघोळीच्या पाण्याइतकं कोमट पाणी घ्या, आधी कोपर बुडवून बघा. त्यात दहा ते पंधरा मिनिटं बसा. डेटॉल, पोटॅशियम परमँगनेट, तुरटी काही घालायचं नाही, त्याने कातडी कोरडी पडते आणि आग वाढते. शेकाने आवळलेला स्नायू सैल होतो, एवढंच त्याचं काम. मग मऊ सुती कापडाने टिपून घ्या, घासू नका. जेट स्प्रेचा जोराचा फवारा चिरेवर मारू नका, साबणही नको. ड्युटीच्या सकाळी शेकाला वेळ नसेल तर नुसतं कोमट पाण्याने धुवा आणि संध्याकाळी व रात्री शेक घ्या.

आता जेल. 2 टक्के डिल्टियाझेम बहुतेक डॉक्टर दिवसातून दोनदा आणि सहा ते आठ आठवडे लावायला सांगतात. पंधराव्या दिवशी दुखणं थांबतं कारण स्नायू सैल झालेला असतो, जखम तेव्हा जेमतेम भरायला लागलेली असते. तुम्ही नेमकं तिथेच सोडलंत. वाटाण्याएवढं जेल बोटाला घ्या, बोटावर पातळ हातमोजा किंवा फिंगर कॉट (एका बोटापुरती रबरी टोपी) चढवा, कडेला गोल फिरवून लावा आणि जेमतेम आत, सेंटिमीटरभर. नळी खोल घालायची गरज नाही, चीर कडेलाच असते. नंतर हात धुवा. शेकानंतर लावलं तर सोपं जातं. काही जणांना याने खाज किंवा पुरळ येतं, तसं झालं तर खाजवत वापरत राहू नका, डॉक्टर औषध बदलून देतील. बदलून नायट्रोग्लिसरीन दिलं तर सुरुवातीला डोकं दुखू शकतं, म्हणून बसून लावायचं आणि थोडा वेळ बसूनच राहायचं. हे वाचणाऱ्या पुरुषांनी लक्षात ठेवावं, लिंगाच्या ताठरतेसाठी सिल्डेनाफिल किंवा टॅडालाफिलच्या गोळ्या घेत असाल तर नायट्रोग्लिसरीन लावायचं नाही, रक्तदाब धोकादायक खाली येतो. गरोदर असाल, अंगावर पाजत असाल किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर कुठलंही जेल लावण्याआधी ते डॉक्टरांना सांगा. मूळव्याधीची म्हणून दुकानात मिळणारी स्टेरॉइडची मलमं महिनोन्‌महिने लावू नका, कातडी पातळ होते आणि पुन्हा फाटते.

नवऱ्याला सांगा. सकाळी संडास पाऊण तास मोकळा हवा, रात्री पाणी तापवायला हवं, दोन महिने जेवणात बदल हवा. घरात लपवून हे जमत नाही. तुम्हाला लाज वाटावी असं यात काही नाही. बाळंतपणानंतरच्या बायका, दिवसभर बसून काम करणारे तरुण, लहान मुलं, सगळ्यांना फिशर होतं. शक्य असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दोन महिने उशिराची ड्युटी मागून बघा.

चीर भरल्यावरही इसबगोल आणि भाकरी निदान सहा महिने चालू ठेवा, कारण एकाच कडक शौचाने ती उघडू शकते. तसं झालंच तर त्याच दिवशी शेक सुरू करा, मळ मऊ करणारं औषध घ्या आणि डॉक्टरांना दाखवा. पुन्हा पाच महिने काढू नका.

थांबायचं नाही अशी लक्षणंही सांगते: ताप, पू किंवा सतत ओल, मळात मिसळलेलं किंवा काळपट रक्त, वजन घटणं, शौचाची सवय अचानक बदलणं, किंवा चीर मधोमध नसून बाजूला असणं. बाजूच्या चिरेमागे क्षयरोग, क्रोन्स (आतड्याला सूज आणणारा जुनाट आजार) किंवा दुसरं काही असू शकतं, ते तपासावं लागतं. तुमचं रक्त कमी का आहे, हेही एकदा नीट शोधायला सांगा. फिशरचं थेंबभर रक्त सहसा त्याला पुरेसं कारण नसतं.

आठ आठवडे सगळं नीट करूनही चीर राहिली तर दोन रस्ते उरतात. बोटॉक्स या स्नायू सैल करणाऱ्या औषधाचं इंजेक्शन त्या स्नायूत देतात, परिणाम साधारण तीन महिने टिकतो, तेवढ्या वेळात बऱ्याच जणांची चीर भरते, पण ती पुन्हा होऊ शकते. ऑपरेशनमध्ये त्या आतल्या स्नायूचा थोडासा भाग कापून तो कायमचा सैल करतात. दहापैकी नऊहून अधिक जण त्याने बरे होतात. मात्र काहींना नंतर वायू किंवा मळ रोखणं अवघड जातं, आणि नॉर्मल बाळंतपण झालेल्या बाईचा हा स्नायू आधीच थोडा दुखावलेला असू शकतो. म्हणून पुढच्या भेटीत तुमच्या दोन्ही बाळंतपणांबद्दल डॉक्टरांना आधी सांगा. टाके किती पडले होते, वायू कधी रोखता येत नाही का, हेही सांगा. जेलची ट्यूब आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.