प्रेझेंट सिंपल टेन्स कसा बनवायचा आणि कधी वापरायचा? नियम पाठ आहेत पण बोलताना चुकतं

तुम्ही विचारलंय की एस कधी लावायचा, डू आणि डज मध्येच कुठून येतात, "आय ॲम गो" का चुकतं, आयएनजीवाला काळ सोडून हा काळ कधी वापरायचा, आणि इंग्रजी गाण्यांत सर्रास "शी डोन्ट" म्हणतात मग ते कसं चालतं. मी मोठ्या माणसांना इंग्रजी बोलायला शिकवते आणि हे प्रश्न माझ्याकडे नेहमी असेच गठ्ठ्याने येतात, कारण त्यातले पहिले दोन तर खरं म्हणजे एकच प्रश्न आहेत. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

एक गोष्ट पक्की धरून चला, ॲम, इज, आर आणि कॅन, शुड, मस्टवाली वाक्यं सोडली तर या काळातल्या प्रत्येक वाक्यात डू असतोच, फक्त तो दिसत नाही. "आय वर्क" म्हणजे "आय डू वर्क", आणि "ही वर्क्स" म्हणजे "ही डज वर्क". साध्या होकारार्थी वाक्यात डू बोलला जात नाही, पण डजच्या शेवटी जो एस आहे तो काही जात नाही, तो मागे राहतो आणि पुढच्या क्रियापदाला चिकटतो, म्हणून "वर्क्स". आता नकार द्यायचा असला की नॉटला टेकायला कुणीतरी लागतं, मग डू बाहेर येतो आणि येताना आपला एस घेऊन येतो, "ही डज नॉट वर्क". बघा, वर्कचा एस गेला. प्रश्न विचारायचा असला की तोच डज कर्त्याच्या आधी जाऊन बसतो, "डज ही वर्क?" इथेही वर्क मोकळा. एस एकच आहे, तो एका वेळी एकाच ठिकाणी असणार, त्यामुळे "डज ही वर्क्स" किंवा "ही डजन्ट वर्क्स" म्हटलं की एस दोनदा झाला आणि "ही डोन्ट वर्क" म्हटलं की एकदाही आला नाही. तुमच्या बोलण्यातल्या निम्म्याहून जास्त चुका या दोनच प्रकारच्या निघतील बघा.

समजा तुम्हाला सांगायचंय की माझी बहीण लवकर उठते पण नाश्ता करत नाही. "माय सिस्टर गेट्स अप अर्ली, बट शी डजन्ट ईट ब्रेकफास्ट." एकाच वाक्यात गेटला एस आहे आणि ईटला नाही, कारण ईटचा एस डजन्टमध्ये गेला. हे एक वाक्य मोठ्याने म्हणत राहा, त्यात अख्खा नियम आहे. आणि समोरचा म्हणाला की छे, तुझी बहीण कुठली लवकर उठतेय, तर तुम्ही जोर देऊन म्हणाल "शी डज गेट अप अर्ली!" म्हणजे लपलेला डज तुम्ही मुद्दाम बाहेर काढलात, एस परत त्याच्याकडे गेला. हे जोर देऊन बोलणं पुस्तकात शेवटी कुठेतरी एका ओळीत असतं, मला वाटतं ते पहिल्या दिवशी शिकवायला हवं कारण डू कुठून येतो ते तिथे डोळ्यांनी दिसतं.

आपल्याला हा डू जड जातो कारण मराठीत प्रश्न करायला वाक्य हलवावं लागत नाही, "ती इथे काम करते" आणि शेवटी "का" लावला की झालं. म्हणून आपण "शी वर्क्स हिअर?" असं आवाज वर नेऊन विचारतो. बोलताना समजून घेतात लोक, पण परीक्षेत किंवा मेलमध्ये "डज शी वर्क हिअर?" असंच पाहिजे. कुठे, कधी, का हे शब्द त्याच्याही पुढे लावायचे, "व्हेअर डज शी वर्क?" एकच अपवाद, जेव्हा प्रश्न कर्त्याबद्दलच असतो, "हू वर्क्स हिअर?" तेव्हा हूच कर्त्याच्या जागेवर बसलेला असतो, काही हलवायचं नसतं, म्हणून डज नको आणि एस क्रियापदावरच राहतो.

आता एस कुणाला. ही, शी, इट आणि ज्यांच्या जागी हे शब्द बसतील असं कुणीही एकटं. आय, यू, वी, दे यांना नाही. हे तुम्हाला पाठ असणारच, पण मराठी माणसाची गडबड आदरार्थी बहुवचनात होते आणि ती पुस्तकात लिहिलेली नसते. आपण "बाबा काम करतात", "सर शिकवतात" म्हणतो, मनात बहुवचन असतं आणि तोंडातून "माय फादर वर्क" येतं. इंग्रजीत मान कितीही असला तरी बाबा एकच, "माय फादर वर्क्स", "अवर टीचर टीचेस". तसंच "सगळ्यांना माहितीय" यात सगळे म्हणजे अनेक, पण इंग्रजीत "एव्हरीवन नोज", एव्हरीवन, समवन, नोबडी हे सगळे एकवचनी. उलट पीपल बहुवचनी, "पीपल से". आणि "वन ऑफ माय फ्रेंड्स लिव्ज हिअर" यात फ्रेंड्स ऐकून फसू नका, राहतो तो एकच मित्र.

नामाला एस लागला की अनेक आणि क्रियापदाला एस लागला की एक, हे उलटं वाटतं. पण त्याचाच उपयोग करून घ्या, "द बॉय प्लेज" आणि "द बॉईज प्ले", एस इकडे नाहीतर तिकडे, बहुतेक वेळा एकाच बाजूला.

हा एस एकट्यालाच का, असं एकाने मला विचारलं होतं आणि प्रश्न चांगला आहे. जुन्या इंग्रजीत क्रियापद जवळपास आपल्यासारखंच होतं, आपलं जसं जातो, जातोस, जातात बदलतं तसं मी, तू, तो, ते यांना वेगवेगळे प्रत्यय होते. हळूहळू बाकीचे गळून पडले आणि तृतीयपुरुषी एकवचनाचा तेवढा उरला. तोही आधी दक्षिणेकडच्या इंग्रजीत "थ" असा होता, उत्तर इंग्लंडच्या बोलीतला एस नंतर सगळीकडे पसरला. शेक्सपिअरच्या काळात, म्हणजे 1564 ते 1616, दोन्ही चालायचे, हॅजही आणि हॅथही, आणि डू न वापरता "आय नो नॉट" असंही म्हणायचे. म्हणजे डूचा आजचा नियम इंग्रजीतही बराच उशिरा पक्का झालाय, तुम्हाला तो आडवळणाचा वाटतो यात नवल नाही.

स्पेलिंगचं पटकन सांगते. शब्दाच्या शेवटी स, श, च असा आवाज असला किंवा गो, डू सारखा ओ असला की ईएस, व्यंजनानंतर वाय असला की वाय काढून आयईएस, म्हणजे स्टडीचं स्टडीज, पण प्लेमध्ये वायच्या आधी स्वर आहे म्हणून नुसता एस. हॅवचं हॅज. कॅन, शुड, मस्ट यांना कधीच काही लागत नाही. उच्चाराकडे मात्र लक्ष द्या कारण एस न ऐकू येणं म्हणजे चूकच वाटते समोरच्याला. वर्क, स्टॉप, राइट यांच्यापुढे "स" ऐकू येतो, लिव्ह, प्ले, रन यांच्यापुढे "झ", आणि वॉच, वॉशसारख्यांना एक जास्तीचा आवाज, वॉचिझ, वॉशिझ. आणि सेला एस लागला की उच्चार "सेझ" होतो, "सेईझ" नाही.

आता "आय ॲम गो". आपण इंग्रजीत पहिलं वाक्य शिकतो ते स्वतःची ओळख करून द्यायचं, आय ॲम अमुक, आणि आय आणि ॲम इतके घट्ट जोडले जातात की पुढे काहीही बोलायचं झालं तरी आयच्या मागे ॲम येतोच. उपाय असा, की ॲम, इज, आर म्हणजे "आहे", बाकी काही नाही. "मी थकलोय", "ती डॉक्टर आहे", "ते घरी आहेत" इथे ते येणार, "आय ॲम टायर्ड". पण "मी काम करतो" यात आहे कुठेय? नाही ना, मग "आय वर्क". आणि जिथे ॲम, इज, आर आहेत तिथे डूला जागा नाही, तेच पुढे जातात, "आर यू बिझी?" "डू यू बिझी" चूक आणि "आर यू नो" पण चूक, कारण पहिल्यात क्रिया नाहीये आणि दुसऱ्यात आहे.

वापराचं. प्रेझेंट नाव असलं तरी हा काळ सहसा "आत्ता या क्षणी" साठी नसतो, जे नेहमीचं आहे, असतंच, त्यासाठी असतो. सवयी, नोकरीधंदा, सूर्य पूर्वेला उगवतो यासारखी सत्यं. मराठीतला फरक कानाला बरोबर कळतो, "काय करतोस?" आणि "काय करतोयस?" पहिला प्रश्न कामधंद्याबद्दल असेल तर "व्हॉट डू यू डू?" दुसरा या क्षणाबद्दल, "व्हॉट आर यू डुइंग?" म्हणजे "करतोय, जातेय, चाललंय" ऐकू आलं की आयएनजी, "करतो, जाते, चालतं" ऐकू आलं की साधा, आणि शंका असेल तर वाक्यात "सहसा" घालून बघा, अर्थ टिकला तर साधाच. त्यासोबत ऑलवेज, युज्वली, ऑफन, नेव्हर हे शब्द क्रियापदाच्या आधी, "शी नेव्हर ईट्स मीट", पण ॲम, इज, आरच्या नंतर, "शी इज नेव्हर लेट".

पण ही कानाची युक्ती चार ठिकाणी दगा देते आणि मला वाटतं खरं शिकायचं ते इथे आहे.

पहिलं, मनातल्या अवस्था. आपण "मला कळतंय", "मला आठवतंय" म्हणतो, पण इंग्रजीत "आय अंडरस्टँड", "आय रिमेंबर". नो, वाँट, नीड, बिलीव्ह, बिलाँग हेही तसेच. "मला दोन भाऊ आहेत" म्हणजे "आय हॅव टू ब्रदर्स", "आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स" नाही. हॅविंग चालतं ते क्रियेसाठी, "आय ॲम हॅविंग लंच".

दुसरं, निघताना आपण "येतो हं", "उद्या करतो" म्हणतो, रूप साध्या वर्तमानाचं पण अर्थ भविष्याचा. तिथे "आय कम टुमॉरो" नाही, "आय विल कम टुमॉरो".

तिसरं त्याच्या उलट, आणि यात चांगलं इंग्रजी येणारे पण अडकतात. "तो आला की सांगते", "पाऊस आला तर थांबू", आपण चक्क भूतकाळ वापरतो, काहीजण "येईल तेव्हा" म्हणतात. इंग्रजीत व्हेन, इफ, बिफोर, अंटिल यांनी सुरू होणाऱ्या भागात भविष्याबद्दल बोलतानाही साधा वर्तमानच, "व्हेन ही कम्स, आय विल टेल यू", "इफ इट रेन्स, वी विल वेट". विल फक्त दुसऱ्या भागात. "व्हेन विल ही कम?" हा सरळ प्रश्न असेल तर मात्र विल बरोबर, कारण तिथे व्हेन दोन भाग जोडत नाहीये, वेळ विचारतोय.

चौथं, "मी पाच वर्षांपासून इथे राहतो". मराठीत साधा वर्तमान, इंग्रजीत तो चालत नाही, "आय हॅव लिव्ड हिअर फॉर फाइव्ह इयर्स". किती काळापासून हे आलं की हा काळ सोडून द्यायचा.

वेळापत्रकं राहिली, "द ट्रेन लीव्ज ॲट सिक्स", उद्याची असली तरी साधा वर्तमान कारण वेळ आधीच ठरलेली आहे.

सरावासाठी एकच सांगते. आपल्या दिवसाबद्दल आठ-दहा वाक्यं आयने लिहा, त्यात दोन-तीन नकाराची असू द्या. मग तेच सगळं बहिणीबद्दल किंवा मित्राबद्दल न बघता बोला. "आय लीव्ह होम ॲट एट, आय डोन्ट टेक द बस" याचं "शी लीव्ज होम ॲट एट, शी डजन्ट टेक द बस". मग त्या प्रत्येक वाक्याला प्रश्न करा. पहिले काही दिवस अडखळाल, दुसऱ्या नाही तर तिसऱ्या वाक्याला एस राहील, थांबा, वाक्य परत पहिल्यापासून म्हणा, नुसता शब्द दुरुस्त करू नका, कारण जिभेला अख्खं वाक्य लागतं.

आणि गाण्यांतलं "शी डोन्ट". ते अज्ञान नाहीये, अमेरिकेत आणि ब्रिटनमध्येही अनेक बोलींत ही आणि शीला डोन्टच लावतात, पूर्व इंग्लंडमधल्या काही बोलींत तर "शी गो" असं एसशिवायच म्हणतात. ती त्यांची घरची भाषा आहे आणि तिथे ती बरोबरच आहे. तुम्ही ऐका, समजून घ्या, गुणगुणा, पण मुलाखतीत, परीक्षेत आणि ऑफिसच्या मेलमध्ये डजन्टच लिहा, कारण तिथे तपासणारा माणूस प्रमाण इंग्रजीच धरतो.