नाशिक ते ऑकलंड : अंतर आणि प्रवासाचा वेळ

पुढील वर्षी नोकरीनिमित्त पत्नी आणि लहान मुलीसह नाशिकहून इथे, न्यूझीलंडमधील ऑकलंडला, यायचे असून मुंबईपासूनचे अंतर किती, विमानाला किती तास लागतात आणि दुबईमार्गे स्वस्तात मिळणारे तिकीट घ्यावे का, असे आपण विचारले आहे.

मुंबई ते ऑकलंड हे सरळ हवाई अंतर सुमारे १२,३०० किलोमीटर आहे. या मार्गावर थेट विमान नसल्याने मध्ये कुठेतरी विमान बदलावेच लागते आणि ते कुठे बदलता यावर बाकी सारे अवलंबून असते. सिंगापूर या सरळ रेषेवरच पडते, असे म्हटले तरी चालेल. मुंबई ते सिंगापूर साधारण ३,९०० आणि सिंगापूर ते ऑकलंड साधारण ८,४०० किलोमीटर, म्हणजे बेरीज जवळपास तेवढीच येते. उलट दुबईला जाताना आपण आधी १,९०० किलोमीटर पश्चिमेकडे जातो आणि मग तिथून १४,२०० किलोमीटर पूर्वेकडे येतो, त्यामुळे पावणेचार हजारांहून अधिक किलोमीटरचा हेलपाटा पडतो आणि दुबईनंतर सलग सोळा तास एकाच खुर्चीत काढावे लागतात. लहान मूल बरोबर असताना काही हजार रुपये वाचवण्यासाठी हे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सिंगापूरमार्गे पहिला टप्पा साडेपाच तासांच्या आसपास आणि दुसरा सुमारे दहा तासांचा असतो. परतीच्या प्रवासात समोरून पश्चिमी वारे लागतात, म्हणून ऑकलंडहून सिंगापूरला पाऊण तास तरी जास्त धरावा. मात्र खरा हिशेब घरापासून घरापर्यंतचा असतो. नाशिकहून कसारा घाट उतरून मुंबई विमानतळ गाठायला चार तास, तिथे उड्डाणाआधीचे तीन, सिंगापूरला किमान तीन, आणि ऑकलंडला सामान व तपासणीसाठी दीड तास धरल्यास एकूण २७ तास होतात. ऑकलंडला लोणचे, तूप, मसाले यांसह सर्व खाद्यपदार्थ प्रवेशाच्या वेळी भरायच्या अर्जात नोंदवावेत. न नोंदवता काही सापडल्यास ४०० न्यूझीलंड डॉलर दंड होतो.

दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्यावेत. वेगवेगळी तिकिटे असली, तर सिंगापूरला बाहेर येऊन सामान पुन्हा द्यावे लागते, व्हिसाचा प्रश्न उभा राहतो आणि पहिले विमान उशिरा आले तर दुसऱ्याची जबाबदारी कोणी घेत नाही. ऑस्ट्रेलियामार्गे येणार असाल तर भारतीय पासपोर्टवर नुसते विमान बदलण्यासाठीही ट्रान्झिट व्हिसा लागतो.

वेळेचा फरक साडेसहा तासांचा आहे, आणि सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत तो साडेसात तासांचा होतो. रविवारी रात्री मुंबईहून निघालात तर इथे उतरेपर्यंत मंगळवार लागलेला असतो, त्यामुळे रुजू होण्याच्या तारखेआधी चार-पाच दिवस मोकळे ठेवा. नाशिकला आईवडिलांशी रोज बोलायचे असेल तर संध्याकाळी साडेपाचला, कामावरून सुटल्यावर, फोन करा. तेव्हा तिकडे सकाळचे दहा किंवा अकरा वाजलेले असतात. आपल्या सवयीची रात्री आठची वेळ इथल्या मध्यरात्रीनंतर येते. आईवडिलांचे वय झालेले असेल, तर अडीअडचणीला निरोप मिळाल्यापासून नाशिकच्या घरी पोहोचायला तिकीट मिळण्याच्या वेळेसह दीड ते दोन दिवस लागतात, हे जवळच्या नातेवाइकांना आताच सांगून ठेवा आणि तेवढ्या वेळात आईवडिलांकडे कोण थांबेल ते निघण्यापूर्वी ठरवा.