गुरू ग्रहाची चाल आणि उपकारस्तुतीचे गीत

प्रश्न : एका इंग्रजी उपासनेत 'ओ गॉड बियाँड ऑल प्रेझिंग' हे उपकारस्तुतीचे गीत ऐकले. पुढे हीच चाल गुस्ताव होल्स्ट यांच्या 'द प्लॅनेट्स' या वाद्यवृंदरचनेत भेटली. मूळ चाल कोणाची? मैफलीतील चाल उपासनेत घेणे उचित आहे का? आमच्या गायकवृंदाला हे गीत मराठी शब्दांत बसवायचे आहे.
– एक वाचक, वसई

उत्तर : चाल होल्स्ट यांचीच आहे आणि ती आधी वाद्यवृंदासाठी रचली गेली. 'द प्लॅनेट्स'मधील सात भागांपैकी चौथा भाग गुरू ग्रहावर, म्हणजे 'आनंद देणाऱ्या' ग्रहावर आहे. त्या नाचऱ्या, उसळत्या संगीताच्या मधोमध ही संथ, भारदस्त चाल येते. तिथे ती चढत जाते, परंतु विसाव्याच्या स्वरावर पोहोचण्यापूर्वीच तुटते आणि पुन्हा नाच सुरू होतो. 1921 मध्ये सेसिल स्प्रिंग राइस यांच्या देशभक्तिपर कवितेसाठी होल्स्ट यांनी तिला गाण्याजोगा शेवट दिला. पुढे स्तोत्रसंग्रहात तिला 'थॅक्स्टेड' हे नाव मिळाले, ते एसेक्स परगण्यातील ज्या गावात होल्स्ट राहत होते त्याचे.

आपण ऐकलेले शब्द मात्र 1982 चे असून ते मायकेल पेरी या अँग्लिकन धर्मगुरूंचे आहेत. चाल लोकांच्या ओठांवर होती, पण देशासाठी सर्वस्व वाहण्याची प्रतिज्ञा करणारे मूळ शब्द उपासनेत सर्वांनाच रुचत नव्हते. पेरी यांनी त्याच मापात ईश्वराच्या अगणित दानांबद्दल आभार मानणारे, आणि उद्याचा दिवस सुखाचा असो वा दुःखाचा, तरीही स्तुती करू असे म्हणणारे शब्द लिहिले.

उचित-अनुचिताबाबत माझे मत स्पष्ट आहे. चाल मैफलीतून आली एवढ्यावरून ती उपासनेला परकी ठरत नाही, आपल्याकडे ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती भक्तीसाठी अभंगाचा छंद घेतलाच होता. आणि होल्स्ट हे काही निव्वळ मैफलीचे संगीतकार नव्हेत. त्यांनी संस्कृतचा अभ्यास केला, ऋग्वेदातील सूक्ते स्वतः इंग्रजीत आणून समूहगायनासाठी बांधली आणि सावित्रीच्या कथेवर छोटा ऑपेराही लिहिला, हे इंग्रजी चर्चमध्ये ही चाल गाणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असावे. अडचण निराळीच आहे : ज्यांच्या कानात देशभक्तीचे शब्द पक्के बसले आहेत, त्यांना नवे शब्द गाताना जुनेच आठवतात. आपल्या मंडळीपुढे हा प्रश्न बहुधा येणार नाही.

आता बसवण्याविषयी. सुरुवात ग-प-ध, सां-नी-प अशी होते आणि या पहिल्या ओळीत मध्यम येत नाही, त्यामुळे आपल्या कानाला ती लवकर सापडते. चाल तीन मात्रांची आहे. ग-प हे दोन स्वर पहिल्याच अक्षरावर पडतात आणि ठोका येतो तो दुसऱ्या अक्षरावर, धैवतावर. म्हणून मराठी ओळीचे पहिले अक्षर हलके असावे. 'धन्यवाद' या शब्दाने ओळ सुरू केली, तर वजनदार 'ध' ठोक्याआधीच संपेल आणि शब्द मोडल्यासारखा वाटेल. 'तुला', 'किती', 'सदा' असे आरंभ सुखाने बसतात. मूळ ओळ सात आणि सहा अक्षरांच्या दोन तुकड्यांची आहे, तेव्हा सातव्या अक्षरानंतर अर्थालाही विसावा मिळेल अशी रचना करावी.

चाल एका सप्तकाच्या बरीच बाहेर जाते. पट्टी ठरवताना केवळ सुरुवात गाऊन पाहू नये. मधला खालचा भाग आणि शेवटचा चढ हे दोन्ही आपल्या सर्वसामान्य गाणाऱ्यांकडून आधी गाऊन घ्यावेत. तरीही तो चढ सर्वांना झेपत नसेल, तर आधीचे कडवे गायकवृंदाने गाऊन अखेरचे कडवे तेवढे मंडळीकडे द्यावे.