राज्यसंघ की संघराज्य? अमेरिकेच्या १७८१ आणि १७८७ साठी मराठी शब्द

प्रश्न असा आहे: अमेरिकेच्या इतिहासावर मराठीत लिहिताना १७८१ च्या 'कॉन्फेडरेशन'साठी आणि १७८७ च्या संविधानातून उभ्या राहिलेल्या 'फेडरेशन'साठी वेगवेगळे शब्द आहेत का? काही लेखनात दोहोंना 'संघराज्य' म्हटलेले दिसते, काही ठिकाणी पहिल्याला 'महासंघ'. शिवाय भारताच्या संविधानात 'राज्यांचा संघ' असे शब्द असतील तर त्यांचा समास करून भारतालाही 'राज्यसंघ' म्हणायचे का? आणि 'रॅटिफिकेशन'ला अनुमोदन, मान्यता की अनुसमर्थन?

पहिल्याला राज्यसंघ म्हणावे, दुसऱ्याला संघराज्य. शब्द तेच दोन आहेत, फक्त जागा बदलल्या आहेत आणि सगळा अर्थ त्या जागांमध्ये आहे. तत्पुरुष समासात दुसरे पद प्रधान असते. राज्यसंघ म्हणजे राज्यांचा संघ. हा शेवटी संघच, म्हणजे सभासदांनी एकत्र येऊन केलेली जुळणी. संघराज्य म्हणजे संघरूप असे राज्य. हे शेवटी राज्य आहे, त्याला स्वतःचा कायदा, स्वतःची तिजोरी, स्वतःची न्यायालये आहेत. इंग्रजी शब्दांत हा फरक मुळात नाही. 'फेडरल' आणि 'कॉन्फेडरेट' हे दोन्ही 'फीडस' या एकाच लॅटिन शब्दापासून आले आणि त्याचा अर्थ तह किंवा करार. इंग्रजीला जो भेद वापराने हळूहळू पाडावा लागला, तो मराठी समास उघड दाखवतो. म्हणून या जोडीचा सांभाळ करायला हवा, दोन्हीकडे एकच शब्द वापरून ती वाया घालवू नये.

'महासंघ' मात्र नको. मराठीत कर्मचाऱ्यांचा महासंघ असतो, व्यापाऱ्यांचा महासंघ असतो. अनेक संघटनांची मिळून झालेली मोठी संघटना असा त्याचा रूढ अर्थ आहे. 'महा' लागल्यामुळे १७८१ ची व्यवस्था १७८७ पेक्षा बळकट होती असा भास होतो, आणि घडले नेमके उलट.

आता शब्द वस्तूला लावून पाहू. १३ वसाहतींच्या प्रतिनिधींच्या काँग्रेसने राज्यसंघाचा करारनामा ('आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन') १५ नोव्हेंबर १७७७ रोजी स्वीकारला. सर्व राज्यांची संमती जमायला आणखी सव्वातीन वर्षे लागली. पश्चिमेकडच्या जमिनींवरचे दावे व्हर्जिनियासारखी राज्ये सोडत नाहीत तोवर सही नाही, असे मेरीलँडने धरले होते. ते शेवटी आले आणि १ मार्च १७८१ ला करारनामा लागू झाला. त्यात १३ कलमे होती. दुसऱ्या कलमात प्रत्येक राज्य आपले सार्वभौमत्व, स्वातंत्र्य आणि 'स्पष्टपणे' सोपवला नसलेला प्रत्येक अधिकार स्वतःकडे राखते, असे म्हटले होते. तिसऱ्या कलमात या जुळणीला मैत्रीचा दृढ करार म्हटले होते. पाचव्या कलमाने प्रत्येक राज्याला २ ते ७ प्रतिनिधी पाठवण्याची मुभा दिली, पण मत एकच. दोनपेक्षा कमी प्रतिनिधी हजर असतील तर तेही मोजले जात नसे. युद्ध, तह, नाणी, कर्ज अशा मोठ्या बाबींना ९ राज्यांची संमती लागे आणि करारनामा बदलायचा तर १३ च्या १३ विधिमंडळांची.

यातली खरी अडचण पैशाची होती, आणि इथे मराठीतला एक साधा भेद कामाला येतो: वर्गणी आणि कर. काँग्रेस कर बसवू शकत नव्हती. जमीन आणि तिच्यावरील इमारती यांच्या किमतीच्या प्रमाणात राज्यांचे हिस्से ठरायचे, ती रक्कम काँग्रेसने मागायची आणि राज्यांनी आपापल्या लोकांकडून गोळा करून भरायची. भरली नाही तर वसुलीचे साधन काहीच नव्हते. याला कर म्हणता येत नाही, ही वर्गणीच. १७८१ मध्ये आयात मालावर ५ टक्के जकात काँग्रेसला मिळावी अशी दुरुस्ती पुढे आली. १७८२ मध्ये ऱ्होड आयलंडने नकार दिला आणि ती बारगळली. १७८३ ची सुधारित योजना न्यूयॉर्कपाशी अडली. दोन्ही वेळा एकाच राज्याचा नकार पुरला, कारण संघाच्या सभासदाला नकाराधिकार होता. हजेरीचेही तसेच. ब्रिटनशी झालेल्या पॅरिस तहाला मान्यता देऊन ती कागदपत्रे सह्यांपासून सहा महिन्यांत पोचवायची होती, आणि त्यासाठी लागणारी ९ राज्ये काँग्रेसमध्ये १४ जानेवारी १७८४ ला कशीबशी जमली.

त्या काळातल्या 'प्रेसिडेंट'ला राष्ट्राध्यक्ष लिहिण्याची चूक वारंवार दिसते. करारनाम्यातला प्रेसिडेंट म्हणजे काँग्रेसच्या बैठकीचा अध्यक्ष. तीन वर्षांत एका वर्षापेक्षा जास्त त्याला ते पद धरता येत नसे आणि कार्यकारी अधिकार जवळपास नव्हतेच. मराठीत 'सभाध्यक्ष' लिहिले की वाचक फसत नाही. १७८१ मध्ये असा सभाध्यक्ष झालेल्या जॉन हॅन्सनला 'अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष' ठरवणारी विधाने या एका शब्दाच्या गोंधळातून येतात.

सप्टेंबर १७८६ मध्ये ॲनापोलिसला पाच राज्यांचे १२ प्रतिनिधी जमले. व्यापाराचे नियम ठरवायला संख्या अपुरी होती, म्हणून त्यांनी फिलाडेल्फियाला मोठी परिषद बोलावण्याची शिफारस केली. काँग्रेसने २१ फेब्रुवारी १७८७ ला होकार दिला, पण फक्त करारनाम्यात सुधारणा करण्यापुरता. परिषद २५ मे ते १७ सप्टेंबर चालली. १२ राज्यांचे ५५ प्रतिनिधी कधी ना कधी हजर राहिले, ऱ्होड आयलंडने कोणालाच पाठवले नाही, आणि शेवटी ३९ जणांनी सह्या केल्या.

शब्दांच्या दृष्टीने या परिषदेतला सर्वांत महत्त्वाचा दिवस ३० मे. नवे राष्ट्रीय शासन उभारू पाहणाऱ्या व्हर्जिनियाच्या योजनेवर बोलताना गव्हर्नर मॉरिस यांनी (गव्हर्नर हे त्यांचे नाव, पद नव्हे) भेद समजावला: 'फेडरल' म्हणजे पक्षांच्या सद्भावावर टिकणारा निव्वळ करार, 'नॅशनल' म्हणजे स्वतःच्या बळावर अंमल करणारे पूर्ण शासन. म्हणजे १७८७ मधला 'फेडरल' हा आपल्या आजच्या 'संघराज्यीय'चा समानार्थी नव्हता, तो 'राज्यसंघीय'च्या जवळ होता. भाषांतरकाराचा पाय घसरतो तो इथे. त्या उन्हाळ्यातल्या भाषणांत 'फेडरल' आले की डोळे मिटून 'संघराज्यीय' लिहिल्यास वक्त्याचे मत उलटे होऊन बसते. न्यू जर्सीच्या विल्यम पॅटरसन यांनी १५ जूनला मांडलेली योजना 'फेडरल' म्हणवली जाई, कारण ती राज्यांची समान मते राखत होती. त्या वाक्यात 'राज्यसंघाच्या धर्तीची' असेच लिहायला हवे.

पुढे शब्दाने बाजू बदलली. २० जूनला कनेटिकटच्या ऑलिव्हर एल्सवर्थ यांनी ठरावातून 'नॅशनल' हा शब्द वगळून 'युनायटेड स्टेट्सचे शासन' असे म्हणण्याची सूचना केली आणि ती मान्य झाली. बिचकवणारा शब्द गेला, शासनाची चौकट राहिली. नंतर संविधानाच्या समर्थकांनीच 'फेडरलिस्ट' हे नाव घेतले आणि खऱ्या अर्थाने राज्यसंघाचा पक्ष घेणाऱ्यांच्या वाट्याला 'अँटी-फेडरलिस्ट' हे नाव आले. म्हणून ही दोन पक्षनामे भाषांतरित न करता देवनागरीत जशीच्या तशी ठेवणे बरे. 'संघराज्यवादी' आणि 'संघराज्यविरोधी' अशी जोडी केली की वादाचा एक पदर हरवतो.

संविधानाच्या मूळ मजकुरात 'फेडरल' नाही आणि 'नॅशनल'ही नाही. 'कॉन्फेडरेशन' मात्र दोनदा येतो. पहिल्या अनुच्छेदाच्या १० व्या कलमात कोणत्याही राज्याने 'तह, युती किंवा कॉन्फेडरेशन' करू नये अशी मनाई आहे. सहाव्या अनुच्छेदात जुनी कर्जे 'कॉन्फेडरेशनच्या काळाप्रमाणेच' बंधनकारक राहतील असे आश्वासन आहे. दोन्ही ठिकाणी 'राज्यसंघ' बिनचूक बसतो आणि 'संघराज्य' घातल्यास वाक्य निरर्थक होते. शब्द तपासण्याची याहून चांगली कसोटी मला दिसत नाही. 'युनियन' मात्र करारनाम्यातही आहे (तिथे ती 'शाश्वत') आणि संविधानातही ('अधिक परिपूर्ण'). दोहोंना सामाईक असल्याने तिला नुसते 'संघ' म्हणावे.

यातूनच भारताविषयीच्या शंकेचे उत्तर निघते. अनुच्छेद १ मधला 'राज्यांचा संघ' हा 'युनियन ऑफ स्टेट्स'चा मराठी पर्याय आहे. व्याकरणाने त्याचा समास 'राज्यसंघ' होईल हे खरे, पण 'राज्यसंघ' ही संज्ञा आता दुसऱ्या वस्तूला लागली आहे, म्हणून इथे पदे सुटीच ठेवावीत. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात 'युनियन' या शब्दाचे कारण सांगितले होते: भारताचे संघराज्य हे राज्यांनी आपापसात केलेल्या करारातून आलेले नाही आणि म्हणून कोणत्याही राज्याला फुटून निघण्याचा अधिकार नाही. करार नाही, म्हणजे राज्यसंघही नाही.

'मराठा राज्यसंघ' ही संज्ञाही इथे आठवेल. ती इंग्रजी इतिहासकारांच्या 'मराठा कॉन्फेडरसी'चे भाषांतर आहे. शिंदे, होळकर, गायकवाड यांचे सरंजाम छत्रपतींच्या नावाने आणि पेशव्यांच्या हातून चालत. समान पक्षांनी लिहून दिलेला करारनामा तिथे नव्हता. त्यामुळे तिच्यावरून अमेरिकेची कल्पना करू नये.

आता 'रॅटिफिकेशन'. 'अनुमोदन' चुकीचे आहे, कारण मराठी सभाव्यवहारात त्याची जागा ठरलेली आहे: सूचक ठराव मांडतो, अनुमोदक त्याला अनुमोदन देतो आणि त्यानंतर मतदान होते. अनुमोदन निर्णयाच्या आधी येते, रॅटिफिकेशन नंतर. अर्थाने सर्वांत जवळचे आपल्याकडे आधीच आहे. सोसायटीच्या सभेत 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे' हा विषय असतो ना, तोच हा 'कायम करणे'. औपचारिक लेखनात 'अनुसमर्थन' वापरावे आणि पहिल्या वेळी 'कायम करणे' असा खुलासा जोडावा. 'दुरुस्तीसह मंजुरी' मात्र लिहू नये. मॅसॅच्युसेट्सने ६ फेब्रुवारी १७८८ ला १८७ विरुद्ध १६८ मतांनी संविधान कायम केले आणि दुरुस्त्या सुचवल्या, पण त्या शिफारशी होत्या, अटी नव्हत्या. न्यूयॉर्क अट घालण्याच्या विचारात असताना संविधानाचे समर्थक जेम्स मॅडिसन यांनी न्यूयॉर्कमधले समर्थक अलेक्झांडर हॅमिल्टन यांना कळवले की सशर्त अनुसमर्थनाने राज्य नव्या संघाचे सभासद होत नाही. ते संपूर्ण आणि कायमचे असावे लागते.

अनुसमर्थन कोणी केले, हाही शब्दाचाच प्रश्न. ते राज्यांच्या विधिमंडळांनी केले नाही, त्यासाठी खास निवडलेल्या परिषदांनी केले. 'विधानसभांनी मंजूर केले' असे लिहिल्यास कळीचा मुद्दाच सुटतो. कायदेमंडळाने केलेला करार पुढचे कायदेमंडळ मोडू शकते. लोकांनी निवडलेल्या परिषदेने दिलेली संमती त्याच्या हाताबाहेर असते. सातव्या अनुच्छेदाने ९ राज्यांच्या परिषदा पुरेशा ठरवल्या आणि एका राज्याचा नकाराधिकार संपवला.

उद्देशिकेचे सुरुवातीचे शब्दही याच ९ शी जोडलेले आहेत. ऑगस्टच्या मसुद्यात 'न्यू हॅम्पशायर, मॅसॅच्युसेट्स...' अशी राज्यांची नावे ओळीने होती. कोणती ९ येतील हे कोणालाच माहीत नसताना १३ नावे छापणे अशक्य होते. सप्टेंबरच्या शैली समितीने तिथे 'आम्ही, युनायटेड स्टेट्सचे लोक' असे केले. व्यवहाराची ही सोय होती, पण तिचा अर्थ फार दूर गेला. जून १७८८ मध्ये रिचमंडला भरलेल्या व्हर्जिनियाच्या अनुसमर्थन परिषदेत पॅट्रिक हेन्री यांनी विचारलेच: 'आम्ही राज्ये' न म्हणता 'आम्ही लोक' म्हणण्याचा अधिकार यांना कोणी दिला? हेन्री विरोधक होते, पण शब्द त्यांनी अचूक वाचला होता. 'लोक' म्हटले की संघराज्य, 'राज्ये' म्हटले की राज्यसंघ.

असाच दुसरा शब्द 'स्पष्टपणे'. करारनाम्याच्या दुसऱ्या कलमातला हा शब्द संघाकडे न सोपवलेले अधिकार राज्यांकडे किंवा लोकांकडे राखणाऱ्या १७९१ च्या दहाव्या दुरुस्तीत आला नाही. तो घालावा अशी सूचना १७८९ मध्ये प्रतिनिधिगृहात झाली होती, ती फेटाळली गेली. १८१९ मध्ये मॅककलक विरुद्ध मेरीलँड खटल्यात सरन्यायाधीश मार्शल यांनी या गाळण्यावर बोट ठेवले आणि संघाला उघड न लिहिलेले, पण कामासाठी लागणारे अधिकारही आहेत असा निर्णय दिला. दहाव्या दुरुस्तीच्या भाषांतरात ओघात 'स्पष्टपणे सोपवलेले' लिहून जाणे सोपे असते, ते टाळावे.

'अमेरिकेची संयुक्त संस्थाने' या नावाबद्दल थोडेसे. 'संस्थान' म्हटले की औंध, सांगली, कोल्हापूर डोळ्यांपुढे येतात, म्हणजे राजा आणि त्याच्यावर ब्रिटिशांचे वर्चस्व. अमेरिकेत यांपैकी काहीच नव्हते. देशाच्या नावात रूढ झाले म्हणून ते राहू द्यावे, पण घटकांना 'राज्य'च म्हणावे. एक मात्र या नावाने छान जपले आहे: अनेकवचन. अमेरिकेच्या संविधानातही युनायटेड स्टेट्स अनेकवचनी आहे. तिसऱ्या अनुच्छेदात देशद्रोहाची व्याख्या करताना 'त्यांच्याविरुद्ध' युद्ध पुकारणे असे शब्द आहेत, आणि १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीतही 'त्यांच्या' अधिकारक्षेत्रात असेच म्हटले आहे.

शेवटी नेहमी दिसणारे एक वाक्य: '१७८७ मध्ये १३ राज्यांनी संविधान मंजूर करून संघराज्य स्थापन केले.' ते असे हवे: '१७८७ मध्ये १२ राज्यांच्या प्रतिनिधींनी संविधानाचा मसुदा तयार केला. २१ जून १७८८ ला न्यू हॅम्पशायर या नवव्या राज्याच्या परिषदेने तो कायम केल्यावर संघराज्याची अट पूर्ण झाली.' ३० एप्रिल १७८९ ला वॉशिंग्टन यांनी शपथ घेतली तेव्हा संघराज्यात ११ राज्ये होती. नॉर्थ कॅरोलायना नोव्हेंबर १७८९ मध्ये आले आणि ऱ्होड आयलंड २९ मे १७९० ला, ३४ विरुद्ध ३२ मतांनी.