ताकद वाढली, तरी पट्टी का तुटते?

प्रश्न : मी जालन्याच्या एका री-रोलिंग मिलमध्ये (लोखंड तापवून सळया लाटणारी गिरणी) मेंटेनन्स बघतो. भट्टीपासून थोड्या अंतरावर कन्व्हेयरला 30 टक्के काचतंतू (ग्लास) भरलेल्या नायलॉन 66 या प्लास्टिकच्या गाइड पट्ट्या आहेत. नायलॉन 260 अंशांच्या आसपास वितळतो, आमचा तापमानाचा काटा 140 च्या वर जात नाही. दोन महिने वापरलेली पट्टी ओढून तपासली, तर ताकद नव्यापेक्षा जास्त भरली. तरी सळईचा धक्का बसला की कडकन दोन तुकडे. हे कसं? – एक वाचक, जालना

उत्तर : वितळबिंदू इथे कामाचा नाही. वाळूजला मोल्डिंग शॉपमध्ये आम्ही अशाच पट्ट्या 150 अंशांच्या ओव्हनमध्ये टांगायचो आणि दर आठवड्याला एक काढून तोडायचो. सुरुवातीला ताकद चढते, कारण नायलॉनमधला ओलावा उडतो, स्फटिकी भागही थोडा वाढतो. पट्टी ताठर होते आणि तुटण्याआधीचं ताणणं कमी होतं. पुढे ऑक्सिजन पृष्ठभागावरच्या रेणूंच्या साखळ्या तोडू लागतो. रंग पिवळा, मग तपकिरी. ही तपकिरी साल अगदी पातळ, पण ठिसूळ असते. धक्क्यात चीर तिथूनच निघते आणि आत धावते. सावकाश ओढताना बराचसा भार काचतंतू घेतात, म्हणून ओढून पाहण्याच्या चाचणीत हे लपतं. जुन्या पट्टीची आयझॉड किंवा चार्पी चाचणी, म्हणजे हातोड्याच्या धक्क्याने तोडून पाहायची चाचणी, करून घ्याच.

पुरवठादाराकडे हीट स्टॅबिलाइज्ड (उष्णतेत टिकण्यासाठी रसायन घातलेला) ग्रेड मागा आणि थर्मल इंडेक्सचा, म्हणजे दीर्घकाळ सोसेल त्या तापमानाचा, ‘धक्क्यासह’ दिलेला आकडा मागा. तो धक्का न धरता दिलेल्या आकड्यापेक्षा बहुधा कमी असतो. 20,000 तासांवर काढलेला इंडेक्स म्हणजे तेवढ्या तासांत तपासलेला गुण (ताकद किंवा धक्का सोसणं) निम्म्यावर आणणारं तापमान. चोवीस तास चालणाऱ्या मिलमध्ये ती सव्वादोन वर्षं झाली.

लगेच मटेरियल बदलू नका. पीपीएस हा प्लास्टिकचा दुसरा प्रकार 200 अंश सोसतो, पण मुळातच ठिसूळ आहे; सळईच्या ठोक्यापुढे मी तो कधीच बसवणार नाही. पीईईके हा आणखी एक प्रकार 343 ला वितळतो, पण 143 ओलांडल्यावर त्याचाही ताठपणा उतरतो, आणि किंमत नायलॉनच्या कित्येक पट.

मला शंका काट्याची आहे. तो हवेचं तापमान दाखवत असावा. लाल सळईची धग मात्र थेट पट्टीवर पडते. पट्टीत बारीक छिद्र पाडून थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) बसवा आणि मेमधल्या दुपारी, बाहेर 42 असताना आकडा घ्या. मग मध्ये पत्र्याची आड लावून पुन्हा घ्या. दर 10 अंश उतरले की आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होतं, आणि पत्रा तुमच्या यार्डातच पडलेला असेल.