गावातली पहिली मुलगी आणि चौकातला फ्लेक्स

‘‘मॅडम, हिच्या डोक्यातलं एनडीएचं खूळ काढा. एवढ्या मुलांत एकटी पडेल ती,’’ असं म्हणत सातारा जिल्ह्यातल्या एक आई मुलीला माझ्याकडे समुपदेशनाला घेऊन आल्या. एनडीए म्हणजे सैन्यदलांचे अधिकारी घडवणारी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. ही काळजी आता बरेच पालक घेऊन येतात. (तपशील बदललेत, मुलीला मीरा म्हणू.)

आईंच्या काळजीला माहितीचा उपयोग झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१च्या आदेशामुळे मुलींना एनडीएची प्रवेश परीक्षा खुली झाली. २०२२मध्ये पहिली तुकडी खडकवासल्याला दाखल झाली आणि ३० मे २०२५ला १७ जणी तिथून प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडल्या. म्हणजे आता जाणाऱ्या मुलीला तिथे सीनियर मुली भेटतात. आईंना हे पटलं. प्रशिक्षण संपेपर्यंत लग्न करता येत नाही, हे ऐकून मात्र चेहरा उतरला. कुठलंतरी स्थळ मनात असावं!

मीरा गप्पच होती. लेखी परीक्षा ती पास झाली होती. मग एसएसबी मुलाखतीला, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळासमोर, पाचही दिवस टिकली आणि शेवटच्या कॉन्फरन्सनंतर, म्हणजे मंडळाच्या अंतिम बैठकीनंतर, निवड झाली नाही. दरम्यान नुसत्या लेखीच्या निकालावर गावाने चौकात तिचा फोटो लावला होता : ‘गावची पहिली एनडीए कन्या’. ती परतल्यावरही फ्लेक्स तसाच. ती कॉलेजला मागच्या गल्लीने जायला लागली, पहाटेचं धावणं थांबलं.

‘‘मी पडले म्हणजे आता गावातल्या कुठल्याच पोरीला घरचे सोडणार नाहीत,’’ ती म्हणाली.

एसएसबीत एक शब्द दाखवतात आणि पंधरा सेकंदांत त्यावर वाक्य लिहायचं असतं, असे साठ शब्द. मी तिला तसेच काही शब्द दिले. ‘भीती’वर तिने लिहिलं, मुलींनी भीती झटकावी. ‘शिस्त’ : मुलीही शिस्तीत कमी नाहीत. ‘नदी’वरसुद्धा मुलगीच! मीराला स्वतःला काय वाटतं, ते कुठल्याच वाक्यात नव्हतं. क्लासमध्ये पाठ केलेली वाक्यं एक वेळ सुटतात. हे ओझं सुटायला वेळ लागतो.

‘‘तुझ्या गटातली मुलंही परत आली ना? मग मुलांना जमत नाही, असं कोण म्हणालं?’’ मी विचारलं.

‘‘त्यांचे फ्लेक्स नव्हते लागले.’’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, काम होतं. पुढच्या भेटीला वडिलांना बोलावलं. ते आधी अडले, कारण खर्च सरपंचांनी केला होता. पण जाऊन बोलले. त्या जागी आता गणेश मंडळाचा फ्लेक्स आहे. दुसरं ठरलं ते असं, की परीक्षेची तारीख घराबाहेर सांगायची नाही. आजीलासुद्धा नाही, कारण आजी म्हणजे गावाचं आकाशवाणी केंद्र.

वयाच्या अटीत तिला अजून संधी आहे. तिने फॉर्म भरलाय, बीएस्सीलाही प्रवेश घेतलाय. पदवीनंतर सीडीएस ही सैन्याधिकारी भरतीची परीक्षा देऊन चेन्नईच्या प्रशिक्षण अकादमीतून अधिकारी होण्याचा रस्ता उरतोच. स्त्रियांना वैद्यकीय शाखांपलीकडे सैन्यात अधिकारी म्हणून घ्यायला १९९२पासूनच सुरुवात झाली होती, हे तिला ठाऊक नव्हतं.

आईंना अजूनही वाटतं, की बीएस्सी करून तिने बँकेची परीक्षा द्यावी. दोघींचं त्यावरून वाजतं. वाजू दे, त्यासाठी समुपदेशक लागत नाही.