चेलेक्स केलेल्या ब्रॉथमध्ये एनडीएम ‘संवेदनशील’ दिसतोय? आधी झिंक बघा

ताई, तुम्ही लिहिलंय की धुळ्याच्या रुग्णालयातून आलेल्या, पीसीआरला एनडीएम (मेरोपेनेमसारखी औषधं फोडणारं एन्झाइम) पॉझिटिव्ह असलेल्या क्लेब्सिएला जिवाणूंची सेफिडेरोकॉल या प्रतिजैविकाची एमआयसी (वाढ थांबवणारी किमान मात्रा, मिग्रॅ/लिटर) घेताना शेजारच्या रांगेत मेरोपेनेम हे दुसरं प्रतिजैविकही लावलं. साध्या ब्रॉथमध्ये (जिवाणू वाढवायच्या द्रवात) ३२ च्या वर जाणारं मेरोपेनेम चेलेक्स रेझिनने लोह काढलेल्या ब्रॉथमध्ये १ वर आलं. एटीसीसी २५९२२ ही प्रमाण ई. कोलाय स्ट्रेन दोन्ही औषधांना मर्यादेत आहे, आणि गाईड म्हणतात प्लाझमिड (एनडीएमचं जीन वाहणारं डीएनएचं कडं) गळालं.

प्लाझमिड गळालेलं नाही. सगळ्याच स्ट्रेनचं एकाच आठवड्यात गळत नसतं. तुमच्या ब्रॉथमध्ये झिंक नाही.

लोह का काढायचं ते तुम्हाला ठाऊक आहे (सेफिडेरोकॉल जिवाणूच्या लोह ओढायच्या वाटेने आत शिरतं), ते सोडतो. पण चेलेक्स-१०० लोह तेवढंच निवडून घेत नाही. कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंक सगळंच ओढून घेतं. पहिले दोन परत घालायचं सगळ्यांच्या लक्षात राहतं, झिंक राहून जातं. एनडीएम हे झिंकशिवाय न चालणारं एन्झाइम. जीन जागेवर, प्रथिन तयार होतंय, पण काम बंद. म्हणून मेरोपेनेमचा आकडा कोसळतो आणि सेफिडेरोकॉलचाही खाली ओढला जाऊ शकतो. २५९२२ कडे हे एन्झाइमच नाही, मग झिंक असो-नसो, ती मर्यादेतच येणार. क्यूसी (प्रमाण स्ट्रेनची चाचणी) पास म्हणजे ब्रॉथ पास असं धरून चालण्यात आमचे सगळ्यात जास्त दिवस वाया गेले. तुम्ही मेरोपेनेमची रांग लावलीत म्हणून हे दिसलं तरी. ती रांग कायम ठेवा.

उलट्या दिशेची चूकही लक्षात घ्या. लोह उरलं तर सेफिडेरोकॉलची एमआयसी वर जाते. लोह जास्त आणि झिंक कमी असं एकाच बॅचमध्ये झालं तर दोन चुका एकमेकींना झाकतात आणि आकडा अगदी शहाण्यासारखा दिसतो. याची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते.

बॅच लहान करा. ९६ खळग्यांच्या प्लेटला १० मिली ब्रॉथ लागतो, त्यामुळे २५० मिलीला २५ ग्रॅम रेझिन पुरे. एक लिटर करून महागडं रेझिन घालवू नका. ऑटोक्लेव्ह करून गार झालेल्या ब्रॉथमध्ये रेझिन टाकून मॅग्नेटिक स्टररवर २ तास, मग ०.२ मायक्रॉनचा फिल्टर. आता पीएच १० च्या आसपास गेलेला असतो, तो ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाने ७.३ वर आणा. मग कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंकचे क्षार घाला, पुन्हा पीएच, पुन्हा फिल्टर. शेवटी लिटरला कॅल्शियम २२.५ मिग्रॅ, मॅग्नेशियम ११.२५ मिग्रॅ, झिंक ०.५६ मिग्रॅ हवं आणि लोह ०.०३ मिग्रॅच्या वर नको.

झिंकचा हिशेब: हेप्टाहायड्रेट झिंक सल्फेटमध्ये झिंक २२.७ टक्के. २४६ मिग्रॅ १०० मिली पाण्यात विरघळवा. लिटर ब्रॉथला १ मिली, तुमच्या २५० मिलीला पाव मिली. कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट लिटरला ८२.५ मिग्रॅ. बाटलीवर ‘निर्जल’ असेल आणि तेवढंच वजन घातलं तर कॅल्शियम ३० च्या जवळ जातं, म्हणजे २५ च्या मर्यादेबाहेर. लेबल वाचा.

आणि कृपा करून रावेर-यावलच्या केळीला टाकतात ते कृषी केंद्रातलं झिंक सल्फेट आणू नका. त्यात लोहाची भेसळ असते. दोन तास घालवून काढलेलं लोह एका चिमटीत परत. आम्लाचंही तेच: पिवळसर दिसणारं व्यापारी हायड्रोक्लोरिक आम्ल लोहामुळेच पिवळं असतं. एआर ग्रेडच (प्रयोगशाळेच्या शुद्धतेचं) वापरा. बोअरचं पाणी साध्या डिस्टिलेशनमधून काढलेलं चालत नाही, टाइप-१ (अतिशुद्ध) पाणी घ्या. पुन्हापुन्हा धुतलेल्या काचेपेक्षा नव्या पॉलिप्रॉपिलीनच्या बाटल्या बऱ्या.

कृषी केंद्राचं मी उगाच म्हणत नाही. खरेदी विभाग काय करतो ते माहीत आहे. हजारोंचं रेझिन मंजूर, आणि झिंक सल्फेटची छोटी बाटली ‘दरकरारात नाही’ म्हणून फाइल टेबलाटेबलावर फिरते. मुलं मग हाताला येईल ते वापरतात किंवा ती पायरीच गाळतात, आणि प्रबंधात ‘प्रमाणित पद्धतीने’ असं लिहून मोकळी होतात. मला याचा संताप येतो, कारण खोटा ‘संवेदनशील’ आकडा उद्या कुणाच्या तरी उपचारापर्यंत पोचू शकतो. रेझिनच्या मागणीपत्रातच झिंकची ओळ घाला, वेगळी फाइल करू नका.

प्रत्येक बॅचला तीन कंट्रोल लावा. २५९२२ आणि स्यूडोमोनास २७८५३, दोघींना सेफिडेरोकॉल ०.०६ ते ०.५ मध्ये हवं. तिसरी, एनडीएम-१ असलेली क्लेब्सिएला एटीसीसी बीएए-२१४६, मेरोपेनेमसोबत. तिचं मेरोपेनेम साध्या ब्रॉथइतकंच उंच राहिलं तरच पुढे जा. ती नसेल तर तुमचीच एखादी पीसीआर-पॉझिटिव्ह स्ट्रेन राखून ठेवा. लोह मोजायला आयसीपी-एमएस (धातूंचा अगदी सूक्ष्म अंश मोजणारं यंत्र) मिळालं तर उत्तम. ज्वालेचं साधं एएएस (अणुशोषण यंत्र) ०.०३ पाशी अगदी काठावर येतं.

वाचनाबद्दल थोडक्यात. वाढीच्या कंट्रोलमध्ये (औषध नसलेल्या खळग्यात) तळाला २ मिमी किंवा मोठं बटण (जिवाणूंचा साका) किंवा दाट गढूळपणा दिसत नसेल तर ती प्लेट वाचूच नका. औषध वाढत जाईल तशी पुढे बारीक ठिपक्यांची शेपटी लांबत जाते. बटण १ मिमीपेक्षा लहान झालं किंवा नुसती धूसर झाक उरली तो पहिला खळगा म्हणजे एमआयसी. एकदम स्वच्छ खळगा शोधत बसलात तर आकडा फुगतो. जोडीला सेफिडेरोकॉलची ३० मायक्रोग्रॅमची डिस्क साध्या म्युलर-हिंटन अगारवर लावा. तिथे लोह काढायची गरज नाही, पण अगारचा ब्रँड मध्येच बदलू नका.

प्रबंधात नुसतं एस-आर (संवेदनशील-प्रतिरोधक) लिहू नका, आकडे द्या. सेफिडेरोकॉलची एमआयसी ४ आलेली क्लेब्सिएला सीएलएसआयनुसार (अमेरिकी निकष) संवेदनशील आणि युकॅस्टनुसार (युरोपीय निकष) प्रतिरोधक ठरते. हे निकष बदलत असतात, चालू आवृत्ती स्वतः बघा. मी सांगतोय म्हणून धरू नका. ॲसिनेटोबॅक्टर जिवाणूही घेणार असाल तर जास्त जपून लिहा: २०२१ मध्ये छापून आलेल्या क्रेडिबल-सीआर या रुग्णांवरच्या चाचणीत ॲसिनेटोबॅक्टरच्या रुग्णांमध्ये सेफिडेरोकॉलच्या गटात मृत्यू जास्त होते. प्रयोगशाळेतला चांगला आकडा तिथे पुरत नाही. आणि तुमचे हे आकडे, ब्रॉथ दुरुस्त होईपर्यंत, वॉर्डातल्या डॉक्टरांना तोंडीसुद्धा सांगू नका.

औषधाची पावडर मे महिन्यात मागवू नका, भुसावळ-जळगावच्या उन्हात कुरिअरच्या गाडीतला बर्फ टिकत नाही. ते जमणार नसेल तर आठवड्याच्या सुरुवातीला पाठवायला सांगा, रविवार गोदामात जाऊ देऊ नका.

जुन्या प्लेट सगळ्या रद्द धरा. आधी उरलेल्या ब्रॉथचे दोन भाग करून एकात झिंक घाला, दुसऱ्यात नको, आणि एकच स्ट्रेन दोन्हींत मेरोपेनेमला लावा. उद्या सकाळी गाईडना त्या दोन रांगा शेजारी ठेवून दाखवा.